विचारायचं तर सगळ्यांना

फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स
१७ फेब्रुवारी १९९१

प्रिय देओलिंदा,

तुझ्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. माझा उजवा खांदा तसाच आहे. भट्टीचा दरवाजाही आता नीट बसत नाही, त्यामुळे एका बाजूचे पाव करपतात. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावरून आपलं भांडण होतं.

उपवासकाळ सुरू झाला, म्हणजे ईस्टर आलाच. घरोघरी अंडं घातलेला गोड पाव लागणार, आणि जानुआरिओ फ्लोरिडाला लेकीकडे निघून गेला. दुकान उघडल्यापासून पीठ तोच मळायचा. तू पाठवलेला तुझा धर्मपुत्र नोर्बेर्तो जानेवारीपासून कामावर आहे. उठतो उशिरा, पण काम बरं करतो. त्याच्या आजीच्या परसातली अंजिरं मी चोरून खाल्ली आहेत, त्याच्याबद्दल मला काय विचारायचं आहे! पण त्या एकट्याने भागणार नाही.

आणि आता नवीनच काळजी. खालच्या गल्लीतल्या मासळीवाल्याकडे सरकारी माणसं आली होती. त्याने कामाला ठेवलेल्यांचे कागद बघितले नव्हते म्हणून त्याला दंड झाला. आमच्या हिशेबनिसाने मला कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणून दिला. नवीन माणूस ठेवला की हा भरायचा, त्याला या देशात काम करायची मुभा आहे की नाही ते बघायचं. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत काय काय लिहिलं आहे. मी चौथी शिकलेला, तीही आपल्या जन्माच्या बेटावर, तीही पोर्तुगीजमधली. भिंग घेऊन बसलो की डोळ्यांतून पाणी येतं.

मंगळवारी एक बाई काम मागायला आली. मिग्दालिया ओतेरो नाव. चाळिशीची, सावळी, स्पॅनिश बोलणारी. मी तिला काठवटीपुढे उभं केलं. तिने पिठाला मुठींनी असं बडवलं की ते लाकूड सोडून वर आलं. जानुआरिओ गेल्यापासून तसा आवाज दुकानात घुमला नव्हता. मी खूश झालो आणि म्हणालो, "हिरवं कार्ड घेऊन ये."

तिने ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटीचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"हे नको. हिरवं आण."

ती हसायला लागली. "अहो पाववाले, ते मला या जन्मात मिळायचं नाही."

आता हा कबुलीजबाबच नाही का? मी तिला नाही म्हणून सांगितलं. माझं हिरवं कार्ड मी नागरिक होईपर्यंत लोकरी जॅकेटच्या अस्तरात शिवून ठेवलं होतं, तुला आठवत असेल. त्याच्याहून खरा कागद मला ठाऊक नाही. तू त्या डब्यांच्या कारखान्यात नोकरभरतीच्या टेबलावर होतीस, तुला यातलं कळतं. मी बरोबर केलं ना? घरी बायकोला विचारलं; नातेर्सिया म्हणते बरोबर केलं, पण तिला सध्या माझ्याशी वाद नको आहे, म्हणून ती सगळ्यालाच हो म्हणते.

तुझा भाऊ,
हेर्मिनिओ


तुलारी, कॅलिफोर्निया
२५ फेब्रुवारी १९९१

प्रिय दादा,

तू बरोबर केलं नाहीस. आधी हे सांगते, नाहीतर तू पत्र अर्धं वाचून ठेवशील.

ती बाई कुठली, हे तू विचारलंस का? माझी पैज आहे, पोर्टो रिकोची. तिथली माणसं जन्मापासून अमेरिकेची नागरिक असतात. त्यांना हिरवं कार्ड मिळत नाही, कारण ते परदेशी माणसाला देतात. ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं, आणि तू तिला खोटी ठरवून घालवलंस. ती तुझ्याहून जुनी अमेरिकन आहे, दादा.

आता भिंग ठेव आणि मी सांगते ते ऐक. फॉर्मच्या मागे कागदांची यादी असते. यादीतलं काय दाखवायचं ते कामगार ठरवतो, मालक नाही. तिने आणलेली दोन कार्डं मिळून पुरेशी होती. कागद खरा दिसतो का आणि तो समोरच्याच माणसाचा वाटतो का, एवढं बघायचं आणि सही करायची. कामावर घेतल्यापासून कामाचे तीन दिवस मिळतात. एकाकडे जास्त मागायचं आणि दुसऱ्याला सोडून द्यायचं, हे चालत नाही. रंग बघून, बोली ऐकून मागायचं, हे तर मुळीच नाही. आता त्याविरुद्धही कायदा आहे. कायदा नसता तरी ते वाईटच होतं. आपण इथे उतरलो तेव्हा सूतगिरणीतला मुकादम दरवेळी तुझ्याकडेच कागद कसा मागायचा, ते विसरलास? विचारायचं तर सगळ्यांना सारखं विचारायचं.

जा आणि त्या बाईला शोधून आण. ईस्टर तुझ्यासाठी थांबणार नाही.

नोर्बेर्तोला लवकर उठवत जा. त्याचं बाकी सगळं मी बघते.

देओलिंदा


फॉल रिव्हर
५ मार्च १९९१

प्रिय देओलिंदा,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर पावांवर क्रूस कापायला विसरलो. नातेर्सियाच्या लक्षात आलं.

बाईचा पत्ता कोपऱ्यावरच्या धोबीखान्यात मिळाला. टेकडीवरचं तीन मजली लाकडी घर, आणि ती अर्थात सगळ्यात वर. मी वर पोचलो तेव्हा ती मागच्या सज्जात कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटे. मला धाप लागलेली. तिने चिमटे काढले आणि म्हणाली, "बसा. इथे मेलात तर पोलीस माझ्याकडे हिरवं कार्ड मागतील."

ती तिच्या स्पॅनिशमध्ये बोलते, मी माझ्या पोर्तुगीजमध्ये. अर्धं कळतं, उरलेलं हातांनी. मी म्हणालो, "माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं की तुम्ही जन्मापासूनच..."

"मी जन्मापासून. तुम्ही?"

"मी परीक्षा देऊन."

"म्हणजे अध्यक्षांची नावं पाठ केली असतील."

"अजून येतात."

"म्हणा बघू."

मी म्हणालो, देओलिंदा. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफर्सन. वाळत घातलेल्या चादरींपुढे टोपी हातात धरून उभा होतो. मग ती हसली, पण त्या दिवशी दुकानात हसली होती तशी नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण एक अट आहे. माझे कागद बघाल तसे सगळ्यांचे बघायचे. त्या दिवशी भट्टीपाशी एक घारा माणूस होता, त्याचेसुद्धा."

"तो आपला माणूस आहे. माझ्या बहिणीचा धर्मपुत्र."

"तो कोणाचा आहे, हे मी विचारलं नाही."

मी हो म्हणालो. तिने तीच दोन कार्डं पुन्हा आणली, मी नीट बघितली, फॉर्म भरला, सही केली. आज पहिला दिवस होता. आंबवायला ठेवलेल्या पिठावर मी माझं जुनं जॅकेट टाकतो, आई टाकायची तसं. मिग्दालियाने विचारलं हे काय, तर नोर्बेर्तोने तिला अस्तरातल्या कार्डाची गोष्ट सांगितली. तिने जॅकेट उचललं, पिठाकडे बोट रोखलं आणि म्हणाली, "कार्ड दाखव, मग फूग!" नातेर्सिया गल्ल्यावर बसून इतकी हसली की गिऱ्हाईक ताटकळलं.

आता काळजीची गोष्ट. नोर्बेर्तोला फॉर्म दिला तर म्हणाला उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला कागद पेटीत तळाला आहे. काल म्हणाला, धर्मआईकडे कॅलिफोर्नियात राहिला. जानेवारीतच बघायला हवा होता, म्हणजे उशीर तर झालाच आहे. तुझ्याकडे असेल तो कागद पहिल्या टपालाने पाठव.

तुझा भाऊ,
हेर्मिनिओ


तुलारी
११ मार्च १९९१

प्रिय दादा,

ती बाई आली हे फार छान झालं. मला माहीत होतं तू तिला आणशील.

इकडे बदामाचा बहर सरत आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाकळ्यांचा सडा पडला आहे, गाडी गेली की उडतात. तुझा मेहुणा जिल म्हणतो यंदा पाणी कमी, पण फुलं बघून तसं वाटत नाही. आमच्या तपकिरी गाईला जुळं झालं. आपल्या बेटावर मार्चमध्ये अशी फुलं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. तुला आठवतं का?

नोर्बेर्तोच्या कागदाचं म्हणशील तर माझ्याकडे सापडत नाही. शोधते. एवढी घाई कशाला? ईस्टर होऊ दे. तुला माणसाची गरज आहे आणि त्याला कामाची. फॉर्मवर तारीख मागाहून बरोबर घालता येते, इथे कितीतरी जण तसं करतात. त्याची आई गेली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की पोराला मी मार्गाला लावेन. बाप्तिस्म्याला त्याला माझ्याच हातांवर धरलं होतं. तो काही परका नाही.

गुडघा बरा आहे.

देओलिंदा


फॉल रिव्हर
१८ मार्च १९९१

देओलिंदा,

तू फुलांवर कधीच लिहीत नाहीस. इतक्या वर्षांत तू मला दुधाचा भाव लिहिलास, जिलचा खोकला लिहिलास, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या लिहिल्यास. पाकळ्या कधी नाही. तुझं पत्र खिशात घातलं आणि भट्टीपाशी गेलो.

नोर्बेर्तो लांब फावड्याने पाव आत सारत होता.

"नोर्बेर्तो, कागद."

"काका, भट्टी तापलीय."

"भट्टी रोजच तापते. कागद."

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. "पासपोर्टावर पाहुण्याचा शिक्का आहे. मेपर्यंतचा. काम करायचं नाही अशा अटीवर दिलेला."

"मग माझ्याकडे कामाला कसा आलास?"

"मी धर्मआईला विचारलं होतं, काका. ती म्हणाली, हेर्मिनिओ आपल्या माणसाला कागद विचारत नाही."

तू बोललीस ते खरंच होतं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

मी त्याला एप्रन काढायला सांगितला. त्याने काढला, घडी घातली आणि पिठाच्या पोत्यावर ठेवला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मिग्दालिया काठवटीपुढे होती. तिने मान वर केली नाही. मळतही नव्हती, दोन्ही हात पिठात तसेच ठेवून उभी होती. मग मी गल्ल्यावर गेलो. नातेर्सियाची भाची लुसिलिया, गेल्या वर्षी ठेवलेली, याच गावात जन्मलेली, तिच्यापुढेही फॉर्म ठेवला. ती म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या बाप्तिस्म्याचा केक खाल्लात!" मी म्हणालो, खाल्ला, आता यादीतलं तुला हवं ते दाखव. तिच्या फॉर्मवर त्याच दिवसाची खरी तारीख घातली. उशीर झाला हे दिसेल. दिसू दे. खोटी तारीख मी घालणार नाही. सरकारची भीती मला आहेच, मासळीवाल्याचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण खोटी तारीख घातली तर त्या बाईपुढे काठवटीशी उभा कसा राहू?

नातेर्सिया माझ्याशी बोलत नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर पवित्र आत्म्याच्या मंडळातला बेल्मिरो सगळ्यांदेखत म्हणाला, "आपला माणूस हाकललास आणि ती परकी ठेवलीस? जूनच्या जत्रेचा पाव आम्ही दुसरीकडून घेऊ."

"घ्या," मी म्हणालो.

"निदान तिच्याकडून जन्माचा दाखला तरी मागून घे. कोण जाणे!"

"तुझ्या जावयाकडे मागितला होतास का?"

तो टोपी घालून निघाला. घरी येऊन मी पायरीवरच बसलो.

नोर्बेर्तोला मी घराबाहेर काढलेलं नाही. वरच्या खोलीत आहे. पाहुणा आहे, तर पाहुण्यासारखा राहील. पण दुकानात हात लावायचा नाही.

मला चिठ्ठीत एवढंच लिही, तू मला आधी का नाही सांगितलंस.

हेर्मिनिओ


तुलारी
२२ मार्च १९९१

दादा,

सांगितलं असतं तर तू त्याला घेतलं असतंस का? म्हणून नाही सांगितलं.

मला मूल नाही. मरणाऱ्या बाईला दिलेला एक शब्द होता, तो तू एप्रनसारखा काढून घेतलास. एका अनोळखी बाईला जिने चढून आणलंस आणि आपल्या माणसाला भट्टीपासून हाकललंस. मुकादमाचं मीच तुला लिहिलं, आता तूच मुकादम झालास. नोर्बेर्तोला माझ्याकडे पाठव. इथल्या गोठ्यांत कागद विचारत नाहीत.

मला पत्र लिहू नकोस.

देओलिंदा


फॉल रिव्हर
३ एप्रिल १९९१

प्रिय देओलिंदा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो आहे. वाचायचं नसलं तर जिलकडून वाचून घे.

तुझं पत्र मी नोर्बेर्तोला दाखवलं. त्याच्याविषयी होतं, त्याने वाचायला हवं होतं. मग मी त्याला चर्चच्या मदत-कचेरीत घेऊन गेलो. तिथली वकीलबाई आपली बोली बोलते. ती म्हणाली, जे झालं ते लपवू नका आणि आता तू आणखी काम करू नकोस. गोठ्यात राबलास आणि शिक्क्याची मुदत उलटून गेली, तर पुढचे दरवाजेही बंद होतील. न्यू बेडफर्डची त्याची बहीण नागरिक झाली की त्याच्यासाठी अर्ज करेल. वर्षं लागतील. बाहेर आल्यावर मी म्हणालो, धर्मआईकडे जायचं असेल तर तिकीट काढून देतो. तो बसस्टॉपच्या खांबाला टेकला आणि म्हणाला, "नाही काका. मेमध्ये परत जातो. पुन्हा येईन तेव्हा कोणी विचारलं तर मान खाली नको घालायला."

मीच त्याला परत जा म्हणालो, असं समजू नकोस. निर्णय त्याचा होता.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पीठ काठवटीबाहेर आलं, इतकी मागणी. मिग्दालिया एकटी मळत होती. तिचे दंड थरथरताना दिसत होते. नोर्बेर्तो जिन्यावरून खाली आला, बाह्या वर करून हात धुतले आणि काठवटीपाशी उभा राहिला. एकच दिवस, काका, म्हणाला. आजच्या दिवशी कोण बघतंय?

देओलिंदा, दुकानाबाहेर रांग होती. मला हो म्हणायचं होतं.

"वर जा," मी म्हणालो. "पाहुणा आहेस. पाहुण्याने काम करायचं नसतं."

तो गेला. मी एप्रन बांधला आणि खांद्याची पर्वा न करता पिठात मुठी घातल्या. थोड्या वेळाने माझ्या शेजारी आणखी दोन हात आले. नातेर्सियाचे. पंधरवड्यानंतर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, "मूठ मिटून मार, म्हातारा झालास तरी येत नाही." मिग्दालियाने जॅकेट आणून पिठावर टाकलं. आम्ही पाव कमी पडू दिले नाहीत. काही करपले, ते भट्टीच्या दरवाजामुळे.

बेल्मिरोच्या बायकोने चार गोड पाव नेले. बेल्मिरो बाहेर गाडीत बसून होता.

आज आणखी एक माणूस ठेवला. पाठच्या गल्लीतला केव्हिन, आयरिश, तांबड्या केसांचा, हा पोरगा लहान असल्यापासून त्याच्या बापाला मी पाव देतो. मी त्याच्यापुढे यादी ठेवली. तो हसला. "मिस्टर फुर्तादो, मी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी दाखव. यातलं काय दाखवायचं ते तू ठरव."

"तुम्ही चेष्टा करताय."

काठवटीकडून, मान न वळवता, मिग्दालिया म्हणाली, "तीन दिवस आहेत, तांबड्या. घाबरू नको, ते सगळ्यांनाच विचारतात."

मुकादम मला एकट्यालाच विचारायचा, देओलिंदा. तेवढा तरी फरक आहे.

नोर्बेर्तो अकरा मेच्या विमानाने बॉस्टनहून निघेल. त्याला सोडायला मी जाणार आहे.

तुझा भाऊ,
हेर्मिनिओ


तुलारी
१० एप्रिल १९९१

प्रिय दादा,

जिलकडून नाही, मीच वाचलं.

नोर्बेर्तोनेही मला लिहिलं आहे. त्याने काय लिहिलं ते सांगणार नाही, पण मी ते पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसले होते. माझ्या शब्दासाठी मी त्याला लपायला लावणार होते, आणि त्याला लपायचं नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

मे महिन्यात मी येते. त्याला सोडायला दोघं जाऊ. त्याच्या पेटीत घालायला गोड पाव लागेल, तो त्या बाईकडून मळून घे, तू मध्ये मूठ घालू नकोस. आणि भट्टीचा दरवाजा दुरुस्त कर.

बदामाच्या फुलांचं पत्र फाडून टाक. त्याच्या आधीचं, त्या यादीचं, ठेव.

देओलिंदा